खडखडाटाचें निदान

जुनें यंत्र आवाज करूं लागलें, कीं घरांतील प्रत्येक माणूस 'त्याचें वय झालें' असा निवाडा देऊन मोकळा होतो. कारण शोधण्याचें काम मात्र कोणासच नको असतें. आम्हीं आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें. मोटारीचें शास्त्र कोठेंही शिकलों नाहीं. तथापि गेल्या वर्षीं विष्णुपुरीस आमच्या घरीं एका मोटारीच्या निमित्तानें न्यायशास्त्रांतील अनुमानप्रकरण जितकें उपयोगी पडलें, तितकें तें वर्गांतही पडलें नव्हतें.

ही मोटार आमच्या कैलासवासी वडील बंधूंची, प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचाच हा भारतीय अवतार. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती लाखों लोकांच्या परिचयाची झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या सेवेंतून निवृत्त झाली.

आमची गाडी मात्र चालत होती. पण सुरू करतांच पुढच्या बाजूनें खडखड करूं लागली. मिस्त्रीनें दुरूनच ऐकून सांगितलें, "इंजिन संपलें. बोअर करा, नाहीं तर भंगारांत द्या." पुतण्यांना दुसरा पर्याय पटला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. फक्त गाडीची किल्ली त्यांनीं खुंटीवरून काढून देवघराच्या कोनाड्यांत ठेवली. तें पाहून आम्हीं म्हटलें, निर्णय नंतर करूं. आधीं कारण पाहूं.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेतु असा पाहिजे, कीं जेथें साध्य नाहीं तेथें तोही आढळूं नये. 'खडखड होते, म्हणून इंजिन झिजलें' यांतील हेतु सव्यभिचारी आहे. कारण पाण्याच्या पंपाचें बेअरिंग सैल झालें तरी खडखड होते, आणि टॅपेटची फट वाढली तरी टकटक होते. म्हणून एकेक शंका निरस्त करणें हाच मार्ग.

धाकटा पुतण्या येथल्याच श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेंत शिकलेला. हात त्याचे, कान आमचे, असें ठरलें. प्रथम पंख्याचा पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालविलें. आवाज राहिला, म्हणजे पंप निर्दोष. मग रबरी हातमोजे घालून त्यानें चारही प्लगच्या तारा एकेक करून काढल्या. कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग झिजलें असतें, तर त्या सिलिंडरचा जोर जातांच ठोका मंदावला असता. तसें झालें नाहीं. टॅपेटची फट मोजून बरोबर केली. टकटक गेली, खडखड राहिली. शेवटीं लांब पेचकसाची मूठ कानाशीं धरून टोंक ठिकठिकाणीं टेकविलें. इंजिनच्या पुढच्या झांकणावर आवाज सर्वांत मोठा, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतांच तो अधिकच वाढे.

त्या झांकणाआड टायमिंग चेन असते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक व्हावा, असा मेळ ही साखळी दोन दांतेरी चक्रांवरून राखते. इंजिन बंद करून पुतण्यानें डिस्ट्रिब्युटरचें टोपण काढलें आणि क्रँकशाफ्ट पान्यानें एका दिशेस फिरवून मग उलट फिरविला. शाफ्ट वळला तरी रोटर कांहीं वेळ जागचा हलेना! तेवढी ढील साखळींत सांचली होती. झांकण उघडलें, तों आंतल्या बाजूस साखळीच्या घासण्याच्या चकचकीत रेघा. साखळी आणि दोन्ही चक्रें एकदमच बदलली, कारण झिजलेले दांते नव्या साखळीस लवकर खातात. खुणा जुळवून सर्व बसविलें. सिलिंडरला हातही लावावा लागला नाहीं, आणि खर्च बोअर करण्याच्या मानानें अगदींच अल्प आला.

लोक म्हणतात साखळी ताणली जाते. वस्तुतः तिच्या कड्या लांबत नाहींत. प्रत्येक सांध्यांतील पीन केसभर झिजते आणि त्या सर्वांची बेरीज खडखडाट होऊन ऐकूं येते. एकत्र कुटुंबांत ज्यांचा जन्म गेला, त्यांस ही गोष्ट अधिक विस्तारानें सांगण्याची जरूर नाहीं.

एक इशारा मात्र अवश्य द्यावयाचा. ठोका खोल व जड असेल, चढावर वाढत असेल आणि तेलाचा दाब उतरला असेल, तर गाडी तत्क्षणीं थांबवावी. तेथें कानाची परीक्षा पुरे झाली. एरवीं 'वय झालें' हें निदान नव्हे, तो शोध सोडून दिल्याचा कबुलीजबाब आहे. गाडीविषयीं हें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें. आणि घरांतल्या वृद्धांचे गुडघे, कान अगर विसराळूपणा यांविषयीं म्हणण्यापूर्वीं तर त्याहून अधिक.