नातीची चिठ्ठी आणि जुना कॉम्प्युटर

माझी नात गेल्या सप्टेंबरात पहिलीत गेली. जर्मनीत, श्टुटगार्टला. तिकडं पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हातात रंगीत कागदाचा भला मोठा शंकू देतात, आत खाऊ आणि पेन्सिली. तो मिठीत धरून उभी असलेली ती माझ्या टेबलावर फ्रेममध्ये आहे.

मराठी तिला कळतं. पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. आणि आता लिहायला यायला लागल्यापासून ती मला चिठ्ठ्या लिहिते. सूनबाई त्यांचे फोटो पाठवतात. मुलगा म्हणतो, "आई, तू कशाला त्रास करून घेतेस? मी सांगतो की अर्थ." सांगतोही बिचारा. "ती म्हणतेय, आज शाळेत मजा आली." एवढंच. आता जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईचं एवढ्यानं कसं भागायचं? मला तिचं वाक्य तिच्याच शब्दांत ऐकायचं होतं. अजून दहा वर्षांनी ती सोळाची होईल, तेव्हा आमच्या दोघींत तिचा बाप दुभाषा म्हणून बसलेला असणार का, हा प्रश्न मला रात्री छळायचा.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता, दोन जीबी मेमरीचा. दुकानदारानं बघून "काकू, भंगारात घाला" म्हणून सांगितलं होतं. पुतण्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आजी, थांबा." त्यानं त्यावर लुबुंटू घातलं. ही लिनक्सची हलकी आवृत्ती, फारसा डामडौल नाही, त्यामुळं जुन्या मशीनला झेपते. मोबाईलवर हे सगळं मिळतंच की, असं तुम्ही म्हणाल. मिळतं. पण मला अक्षर मोठं लागतं, वेग माझ्या हातात लागतो आणि नेट गेलं म्हणून नात गप्प झालेली चालत नाही.

मग त्यानं इस्पीक-एनजी नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. लिहिलेलं वाचून दाखवणारा. याचा मूळपुरुष 1995 साली जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न कंपनीच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी लिहिला होता. जागा अगदी थोडी खातो आणि शंभराहून जास्त भाषा बोलतो, आपली मराठीसुद्धा! एवढ्याशा जागेत हे कसं मावतं? कारण त्यात कुणी बोललेले शब्द साठवलेलेच नाहीत. आहेत ते उच्चाराचे नियम. अक्षर बघायचं, नियम लावायचा, ध्वनी तयार करायचा. अगदी व्याकरणाच्या मास्तरासारखं!

जुळणी फार अवघड नव्हती. भाषा सांगितली नाही तर तो इंग्रजी धरून चालतो, म्हणून 'डीई' हे जर्मनचं चिन्ह द्यायचं. वेग मिनिटाला 175 शब्दांचा असतो, तो मी 110 वर आणला. एक्ससेल नावाचा छोटा प्रोग्रॅम पडद्यावर निवडलेला मजकूर उचलून त्याच्या हाती देतो. हे सगळं एका बटणाला जोडून दिलं. मजकूर निवडा, बटण दाबा, ऐका. कीबोर्डची जर्मन मांडणीही जोडली, कारण दोन टिंबं डोक्यावर घेतलेली अक्षरं लागतात. त्या मांडणीत झेड आणि वाय यांनी जागा बदललेल्या असतात बरं का!

आवाज यंत्राचाच आहे, नाकातून बोलल्यासारखा. पण त्याच्यामुळं मला जर्मनचे नियम कानानं कळायला लागले. शब्दाच्या सुरुवातीला एस-टी आलं की 'श्ट', म्हणून श्टुटगार्ट. शेवटच्या 'ड'चा उच्चार 'ट'. आणि झेड म्हणजे आपला 'चाक'मधला च! 'चार'मधला नव्हे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो जन्मतःच येतो.

आता खरी गंमत. एका चिठ्ठीत एक शब्द होता, एफ-ए-आर-ए-टी. शब्दकोशात शोधला, सापडेना. मी पूर्ण वाक्य टाइप केलं आणि बटण दाबलं. यंत्र बोललं, "इश कान फाराट फारेन." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाढदिवसाला सायकल मिळाली तेव्हा ही पोरगी कॅमेऱ्यासमोर "फाराट, फाराट" करत नाचली होती! शुद्ध लिहायचं तर त्यात मध्ये एक न ऐकू येणारा एच, दोन आर आणि शेवटी डी. तिनं जे ऐकलं तेच लिहिलं. मला सायकल चालवता येते, असं सांगत होती.

आमच्या शाळेत पहिलीतली पोरं 'पानी' लिहायची. डोळ्यांनी वाचलं तर चूक दिसते, मोठ्यानं वाचलं की पोराचा आवाज ऐकू येतो. शब्दकोश शुद्ध शब्दच ओळखतो. हा साधा नियमवाला आवाज मात्र मूल जसं लिहील तसं, न सुधारता, वाचतो. म्हणून तो माझ्या कामाचा.

नंतर पुतण्याच्या मुलानं पायपर नावाचा नवा प्रोग्रॅमही बसवून दिला. त्यातला थॉर्स्टन हा आवाज माणसाचा वाटतो. थॉर्स्टन म्युलर या गृहस्थांनी वीस हजारांहून जास्त वाक्यं स्वतः बोलून, रेकॉर्ड करून जगाला फुकट देऊन टाकली. केवढं हे दान! जुन्या मशीनला जरा दम लागतो, पण ऐकायला गोड. आणि हा गोड आवाजसुद्धा आधी शब्दाचा उच्चार इस्पीकलाच विचारतो. मास्तराला अजून किंमत आहे म्हणायची!

आमच्या गल्लीतला एक मुलगा नर्सिंगसाठी जर्मन शिकतोय. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून कोल्हापुरातही ही भाषा कानावर पडायला लागली आहे. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. त्याच्या जुन्या लॅपटॉपवरही आम्ही हेच बसवलं. क्लास आठवड्यातून तीनदा, हा मास्तर रोज.

नातीला मी उत्तर मात्र मराठीतच लिहिते, ठळक अक्षरात, आणि स्वतःच्या आवाजात वाचून पाठवते. त्या कामाला यंत्र नको. परवा तिनं चिठ्ठीच्या खाली देवनागरीत 'आजि' लिहिलं होतं. ऱ्हस्व. मी दुरुस्त केलं नाही, मोठ्यानं वाचलं.

असो. ज्यांची नातवंडं दूर आहेत त्यांनी घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नये, इतकंच सांगायचं होतं. तुमच्यापैकी कुणी फ्रेंच किंवा जपानीसाठी असं काही केलं असेल तर जरूर कळवा.