वस्तीत शूटिंग लावताना

छोट्या निर्मिती संस्थेचं काम काय, असं विचारलं की बहुतेकांना आधी पैसा आठवतो. पैसा लागतोच. पण मुंबईत लाइन प्रोड्यूसर म्हणून कमी बजेटचे चित्रपट सांभाळताना माझी खात्री झाली आहे, की आमचं खरं काम वेळ राखण्याचं आहे. दिग्दर्शकाला लिहायला वेळ, नटांना भूमिकेत मुरायला वेळ आणि जिथे कॅमेरा लावायचा त्या वस्तीला आमची ओळख व्हायला वेळ.

मोठं युनिट गोरेगावच्या चित्रनगरीत चाळ उभी करतं. आम्ही खऱ्या चाळीत जातो. पालिकेच्या आणि पोलिसांच्या परवानग्या अर्ज करून मिळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा होकार मात्र त्यांच्या घरी बसूनच मिळवावा लागतो. रेकी, म्हणजे जागेची पाहणी, झाल्यावरही पुन्हा पुन्हा जायचं. पाणी किती वाजता येतं, कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाची बारावी आहे, हे विचारायचं आणि कॉलशीट, म्हणजे दिवसाचं वेळापत्रक, त्याभोवती बसवायची.

सिंक साउंड असला, म्हणजे संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे असले, की हे नातं आणखी नाजूक होतं. फ्रिजची घरघर संवादात उतरते, म्हणून तो बंद करावा लागतो. अशा वेळी साउंडवाले आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. पॅकअपनंतर किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते. या धंद्यातली ही जुनी रीत मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या घरात आपण दिवसभर वावरलो, त्यांचं दूध नासता कामा नये.

सीन संपल्यावर सगळ्यांनी स्तब्ध राहून रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्यायचा. संकलनात दोन शॉटांचा सांधा त्याच आवाजाने बुजतो. दूरची लोकल, कबुतरांची फडफड, खालच्या घरातला टीव्ही. गिरगावचा रूम टोन मुलुंडला चालत नाही.

वेळ राखल्याने काय होतं, ते 'कोर्ट' या चित्रपटात (2014) दिसतं. विवेक गोम्बर यांच्या झू एन्टरटेनमेंटने तो काढला. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना पटकथा लिहिता यावी म्हणून गोम्बर यांनी त्यांना मानधन दिलं. बहुतेक भूमिकांत पडद्यावर नवखी माणसं होती. सुनावणी संपते, तरी कॅमेरा सरकारी वकीलबाईंबरोबर लोकलमधून घरापर्यंत जातो, त्यांचा स्वयंपाक पाहतो. घाईतल्या निर्मात्याने हेच प्रसंग आधी कापले असते. व्हेनिस चित्रपट महोत्सवात 'कोर्ट'ला ओरिझोन्ती विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळही. त्याच निर्माता-दिग्दर्शकांचा 'द डिसायपल' 2020 साली आला आणि व्हेनिसमध्ये पटकथेसाठी गौरवला गेला. संस्था टिकली, की एका चित्रपटात कमावलेला विश्वास पुढच्याला उपयोगी पडतो.

अशा संस्था नसतील, तर पडद्यावरची मुंबई म्हणजे ड्रोनमधून दिसणारा सी लिंक आणि मरीन ड्राइव्ह एवढीच उरेल. एखाद्या युनिटने जिन्यात कचरा टाकून, ठरलेलं भाडं थकवून काढता पाय घेतला, की त्या चाळीचं दार आपल्या सगळ्यांसाठीच बंद होतं. म्हणून हिशेब चुकता करणं हाही चित्रपट करण्याचाच भाग आहे.

नव्याने संस्था काढणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगतो. शूटिंगच्या दिवसांआधी वस्तीत घालवायचे दिवस बजेटमध्ये लिहा. आणि पैसे कमी पडले, तर ती ओळ सर्वांत शेवटी कापा.