चटईक्षेत्र

शासकीय परिभाषेची टिंगल करण्याची मराठीच्या प्राध्यापकांना खोड असते, मलाही आहे. पण ‘कार्पेट एरिया’चे ‘चटईक्षेत्र’ करणाऱ्या अनामिक भाषांतरकाराला मी मनोमन मानतो. गालिच्याची चटई करताना त्याने मुंबईचे वर्म नेमके पकडले. येथे बहुसंख्यांचे घर म्हणजे रात्री चटया अंथरता येतील एवढी जागा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ही जागा आरंभी २२५ चौरस फूट होती, २००८ साली २६९ झाली, पुढे ३००.

माझी एक विद्यार्थिनी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. रेल्वेमार्गाच्या कामात त्यांची रुळांलगतची झोपडी गेली, तिच्या बदल्यात मिळालेले २२५ फुटांचे घर. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी ती दोन महिने वर्गात दिसली नाही, म्हणून चौकशीला गेलो. क्षयरोग झाला होता. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट जळत होती. खिडकी होती, पण समोरची इमारत अगदी अंगावर आलेली; मधल्या बोळात वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, त्यामुळे खिडकी कायमची बंद.

“रुळाकाठी ऊन नको नको व्हायचं, सर,” तिची आई म्हणाली. मग थोडे थांबून, “पण परत जा म्हणाल तर नाही जाणार. पोरीला पहाटे डबा घेऊन बाहेर धाडावं लागत नाही इथं.”

चाळीतल्या गॅलरीविषयी वर्गात आपण जे हळवे बोलतो, ते या वाक्यापुढे टिकत नाही. घरातला संडास आणि आतून लागणारी कडी यांचे मोल आपण पुस्तकी माणसे फार कमी लावतो.

पण म्हणून या माणसांनी उजेड मागूच नये की काय? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींतील दाटी, कोंदट हवा आणि क्षय यांचा संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने २०१८ साली पुढे आणला. तिथे दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर. तेवढ्याच भूखंडावर अधिक सदनिका बसाव्यात म्हणून अशा योजनांना मोकळ्या जागेच्या नियमांतून सवलत मिळते. चटईक्षेत्र मात्र इंचाइंचाने मोजलेले असते.

डॉक्टरांनी मुलीला मोकळ्या हवेत बसायला सांगितले होते. गच्चीला कुलूप होते. मी गेलो त्या आठवड्यात ती सकाळचा वेळ बसथांब्यावर बसून प्रबंधिकेची टिपणे काढत होती.