नवी नोकरी, त्याहून चांगली ऑफर आणि छातीतली धडधड

गेल्या महिन्यात तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, सकाळी मळमळ. हृदयाचंच काहीतरी आहे या भीतीनं चेहरा उतरलेला. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट व्यवस्थित, रक्तदाब मात्र १४८/९४.

"काही टेन्शन?" मी विचारलं.

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, नोकरीला लागून दीडच महिना झालाय. दुसरीकडून चांगली ऑफर आलीय. पगार जास्त, शिवाय घराजवळ. साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू?"

समोर वाघ असो की साहेब, शरीर सारखंच घाबरतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. संकट टळलं की सगळं पूर्ववत होतं. पण निर्णय तीन आठवडे टांगून ठेवला, तर शरीरही तितके दिवस ताणलेलं राहतं. कॉर्टिसॉल वाढलेलं राहतं, झोप बिघडते, पित्त उसळतं.

त्याला मी माझी गोष्ट सांगितली. एमडी झाल्यावर मी एका तालुक्याच्या गावी नोकरी धरली आणि तीनच महिन्यांत शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे निघून गेलो. जाणं चुकीचं नव्हतं. पण सांगायची लाज वाटत होती, म्हणून शेवटपर्यंत लपवलं आणि दोन दिवसांत सामान बांधलं. रुग्णांची यादी कुणाकडेच दिली नाही. मी रक्तदाबाची गोळी सुरू केलेल्या एक आजी होत्या. 'डॉक्टर गेले, म्हणजे औषध संपलं' असं समजून त्यांनी गोळी सोडली. काही महिन्यांनी अर्धांगवायू झाला. मला हे तिथल्या कंपाउंडरकडून कळलं. गोळी चालू असती तर झटका आला नसता, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एक चिठ्ठी लिहायला मला पाच मिनिटं लागली असती.

तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली, तर एवढं करा:

१. नव्या ठिकाणचं नियुक्तिपत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. सध्याच्या पत्रातली नोटीस पिरियडची आणि बाँडची अट नीट वाचा.

२. निर्णय झाला की साहेबांना समोर बसून सांगा. कारण दोन वाक्यांत पुरे.

३. हातातली कामं लिहून दुसऱ्याच्या स्वाधीन करा.

४. कंपनीचा गट आरोग्य विमा साधारणपणे नोकरीसोबत संपतो. नवा कधीपासून लागू होणार, त्यात आईवडील आहेत का, हे आधी विचारा. रोजची औषधं मध्ये खंडित होऊ देऊ नका.

५. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असेल, तर 'टेन्शनच असेल' म्हणून घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

एकदाच वाढलेला रक्तदाब म्हणजे आजार नव्हे. तो वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो. म्हणून त्या तरुणाला मी गोळी दिली नाही, पंधरा दिवसांनी बोलावलं. साहेब दहा मिनिटं चिडले होते म्हणे, मग हँडओव्हर कुणाकडे द्यायचा ते ठरलं. आता रात्री झोप लागत होती. रक्तदाब १२६/८०.