पत्र पावलें, पण मजकूर?

वयाच्या बावन्नाव्या वर्षीं पुनः पाटी-पेन्सिल हातीं घेण्याचा प्रसंग आम्हांवर आला तो २०११ सालीं. पिंपरीच्या ज्या कारखान्याचे हिशेब आम्ही पाहत होतों, त्याच्या अमेरिकेंतील गिऱ्हाइकानें कळविलें कीं, यापुढें कागदी मागणीपत्रें बंद. सर्व व्यवहार यंत्रानें यंत्राशीं करावा. त्यासाठीं मायक्रोसॉफ्टचा बिझटॉक सर्व्हर घेण्यांत आला, व तो शिकण्याचें काम आमच्या वांट्यास आलें.

सुदैवानें घरांतच गुरु होता. आमचा पुतण्या रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर शिकवणी घेऊं लागला. अमेरिकेंत १९७९ सालीं नेमलेल्या समितीच्या एक्स-१२ पद्धतींत प्रत्येक कागदास क्रमांक असतो. ८५० म्हणजे मागणी, ८५६ म्हणजे माल निघाल्याची सूचना, ८१० म्हणजे बिल आणि ९९७ म्हणजे पोंच. आलेला कागद सर्व्हर मेसेजबॉक्स नांवाच्या कोठींत ठेवतो. तशा कागदाची मागणी ज्यानें आधीं नोंदविली असेल त्यास तो मिळतो, कोणीच नोंदविली नसेल तर अडकून पडतो. "काका, आपल्या वाड्यांत टपाल देवळींत ठेवीत आणि ज्यानें त्यानें आपलें उचलावें, तसेंच हें!" असें पुतण्यानें सांगतांच आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. आमच्या वहीचे रकाने त्यांच्या रकान्यांशीं रेघांनीं जोडावयाचे, त्यास मॅप म्हणतात. तोहि आम्हीं स्वतः केला.

पहिली मागणी १००० नगांची आली. २५ नगांचें एक, अशीं ४० खोकीं रवाना करून आम्हीं सूचना धाडली. थोड्याच वेळांत ९९७ ची पोंच आली: स्वीकृत! त्या रात्रीं घरांत पेढे वाटले.

पुढें माल तेथें पोंचला आणि वखारीच्या दाराशींच अडला. सूचनेंत ४० नग, समोर ४० खोकीं! मॅपमध्यें खोक्याचें 'सीए' हें चिन्ह हवें होतें, तेथें आम्हीं नगाचें 'ईए' जोडलें होतें. मालकांनीं दंड भरला. आम्हांस ते एक शब्दहि बोलले नाहींत, आणि तेंच अधिक बोंचलें.

"पण पोंच आली होती ना?" असें आम्ही घरीं पुनः पुनः म्हणत होतों. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "अरे, ह्यांच्या पत्रांत नेहमीं दोन गोष्टी असत. पत्र पावलें, आणि मजकूर कळला. तुझ्या पोंचेंत दुसरी कोठें आहे?"

खरोखरच ती नव्हती. ९९७ कागदाची रचना तपासतें. आंत लिहिलेलें खरें कीं खोटें, हें तिला ठाऊक नसतें.

तेव्हांपासून नवा मॅप चालू करण्यापूर्वीं आम्ही माल बांधणाऱ्या कामगारास बोलावून सूचना मराठींत वाचून दाखवीत असूं. पुढें एकदां त्यानेंच, "साहेब, हीं खोकीं कीं नग?" असें विचारून आम्हांस दुसऱ्या दंडांतून वांचविलें.