टोक्याचं पाणी

धरण भरलं की पक्षी बघणाऱ्याचा चेहरा उतरतो. नगर जिल्ह्यात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. जायकवाडी किती टक्के भरलं हे इथली माणसं रोज पेपरात बघतात, आणि ऑक्टोबर आला की वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही यावर भांडतातही. पण जायकवाडीचा हा नाथसागर तुडुंब असला की काठाचा चिखल उघडा पडत नाही, उथळ पाणी उरत नाही, आणि लांब पायांच्या पाखरांना उभं राहायलाच जागा नसते. मला हे ठाऊक आहे. तरी तुळशीचं लग्न उरकलं, पहाटे गोधडी नाकापर्यंत ओढावीशी वाटू लागली, की माझं घरात लक्ष लागत नाही.

उजाडता उजाडता पिंपळगाव माळवीच्या तलावावर थोडा थांबलो. टिबुकल्या, दोन ढोकऱ्या, एक खंड्या. घरचीच मंडळी. मग संभाजीनगरचा रस्ता धरला. इमामपूरचा घाट, पांढरीपुलाला भेळ (सकाळी आठला भेळ खाऊ नये असं ज्यांचं मत असेल त्यांनी तिथं थांबू नये), आणि घोडेगाव सोडल्यावर गाडी जी रखडली ती रखडलीच. पुढे ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर होता. मागच्या ट्रॉलीत कोपीचे बांबू, पत्र्याच्या पेट्या, हंडे, बांधलेली शेळी, आणि या सगळ्याच्या वर कानटोप्या घातलेली तीन पोरं. कारखाने पेटले होते. बीडकडून, पाथर्डीकडून माणसं निघाली होती. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. पोरांना वहीत जागा नाही.

मधल्या पोरानं माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. मी ती डोळ्यांना लावून त्याच्याकडे बघितलं, तर तो पेटीमागे लपला.

प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. काठावर टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ. पण संगम म्हणून दोन नद्या वेगळ्या ओळखू येतील अशी आशा धरू नये, कारण 1976 साली पैठणचं जायकवाडी धरण पुरं झाल्यापासून इथवर फुगवटा असतो. त्या पाण्याखाली कितीतरी गावं गेली. त्याच पाण्याला दहा वर्षांनी, 1986 साली, पक्षी अभयारण्य म्हणून नाव मिळालं.

घाटाच्या पायरीवर बसलो. पाण्यावर काळे ठिपके पसरलेले होते. दुर्बीण लावली तर वारकरी. ज्यानं कुणी या पाखराला हे नाव दिलं त्याला माझा दंडवत. अंग बुक्क्यासारखं काळं आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढराशुभ्र टिळा. कुणी त्याला चांदवा म्हणतात, पण ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं मागे आणि एकनाथांचं पैठण खाली, अशा मधल्या पाण्यावर दुसरं कुठलं नाव शोभणार? चालही तशीच. मान पुढे-मागे हलवत सगळे एकाच दिशेनं, कुणाला घाई नाही. मध्येच एक घार खाली उतरली आणि दिंडी फुटली. वारकऱ्याला बदकासारखं नीट उडता येत नाही. तो आधी पाण्यावरून धावतो, फटफट पाय आपटत, ओल्या कपड्यांनी पळाल्यासारखा. वीस-पंचवीस हात धावले, पुन्हा बसले. घार रिकामीच गेली.

थर्मोकोलच्या तराफ्यावरून एक म्हातारे गृहस्थ जाळं आवरत काठाला आले.

"मामा, पाखरं आली का?"

"आली की. पण औंदा पाणी लई. तुमचं ते लाल पाखरू नाई दिसायचं आत्ता."

लाल पाखरू म्हणजे रोहित. मी त्याचंच नाव काढणार होतो, हे त्यांनी कसं ओळखलं कुणास ठाऊक. बहुधा सगळे तेच विचारत असावेत.

ऊन कलल्यावर तो आवाज आला. आँग, आँग. पोकळ, नाकातला, आपल्याकडच्या कुठल्याच पाखरात न बसणारा. चक्रवाक. एक अलीकडच्या काठाला, दुसरा पार पलीकडे, म्हणजे एक नगर जिल्ह्यात आणि दुसरा संभाजीनगरात. शेंदरी-बदामी अंग, फिकट डोकं. नराच्या गळ्यातली काळी कंठी हिवाळ्यात पुसट होते, त्यामुळे नर कोणता ते मला ठरवता येईना. आपल्या कवींनी या जोडीला रात्रीच्या विरहाचा शाप लावून ठेवलाय. खरं तर ही पाखरं रात्री चरतात, आणि चरताना एकमेकांना हाका मारतात. लडाख-तिबेटच्या थंडीतून इथवर आलेली पाखरं रात्रपाळी करतात आणि आपण त्याला विरह म्हणतो.

अंधार पडायच्या आत वहीत मांडून टाकलं. वारकरी, अंदाजे तीनशे. नदीसुरय सात. घार एक. चक्रवाक दोन. मुकादमानं लिहिलं असतं तर एक.

रोहितच बघायचे असतील तर संक्रांत होऊ द्या. पाणी खाली सरकलं की गाळपेरीची जमीन उघडी पडते, तेव्हा शेवगावच्या अंगानं काठावर जा. सकाळी लवकर निघा, आणि घोडेगावच्या पुढे उसाची ट्रॉली आडवी आली तर हॉर्न वाजवू नका, वर पोरं झोपलेली असतात.