सफाई खात्यातली भरती

आमचे चिरंजीव इंजिनीअरिंग शिकायला सुरतकलला गेले. म्हणजे थेट समुद्रकाठी. जाताना स्वतःचा समुद्र मात्र डोंबिवलीत, आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी ठेवून गेले. दोनशे लिटरची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, चार मासे, आणि भट्टीत भाजलेल्या मातीच्या दगडांवर बसवलेले मऊ जातीचे प्रवाळ. खरे प्रवाळखडक उचलून आणणं आपल्याकडे बेकायदा आहे, म्हणून दगड मातीचे. एवढा कायदा पाळणारा मुलगा माझ्या पोटी जन्माला आला, यात बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीचा काही वाटा असावा.

"बाबा, तुम्हांला फार काही करायचं नाही," असं म्हणून त्याने दोन पानी यादी हातात ठेवली. पाण्याची आपेक्षिक घनता १.०२५, तापमान २५ ते २६ अंश. पाणी उडालं की वरून गोडंच पाणी घालायचं, खारं नाही. कारण वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही. मी पडलो बी.कॉम. पण व्याज उडतं आणि मुद्दल खाली राहतं, असा जमाखर्च मनाशी मांडल्यावर मला ते चटकन समजलं.

यादीतलं शेवटचं कलम मात्र अवघड होतं. 'शेवाळ वाढायला लागलं की सफाईचे प्राणी आणा. निवडून आणा.'

शेवाळ पंधरा दिवसांत वाढलं. माशांना खायला घालणं हे आमच्या आईने स्वतःकडे घेतलं होतं आणि आमच्या घरात पाहुण्याला 'पुरे' म्हणायची मुभा नाही. तेव्हा मी एका रविवारी सफाई कामगारांची भरती करायला निघालो. आता तुम्ही म्हणाल, गोगलगायी निवडण्यात काय एवढं? मलाही तसंच वाटलं होतं. पण दुकानात जरा वेळ उभा राहिलो आणि लक्षात आलं की ही तर आमची शाखाच भरून ठेवली आहे!

टर्बो नावाची एक थोराड गोगलगाय असते. शेवाळ खाण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण जाईल तिथे दगड हलवते, प्रवाळ पाडते आणि वाळूत उताणी पडली की बहुतेकदा तिचं तिला सुलटं होता येत नाही. आमचे मागचे मॅनेजर असेच होते. कामाला वाघ, पण ते काउंटरच्या आत आले की आम्ही आधी शाईच्या बाटल्या उचलून ठेवत असू. नॅसेरियस हा दुसरा प्रकार. हा दिवसभर वाळूत गाडून घेतो आणि नाकासारखी एक नळी तेवढी बाहेर ठेवतो. टाकीत खाद्य पडलं की वाळू फोडून सगळे एकदम वर! शेवाळाशी यांचा संबंध नाही. उरलंसुरलं आणि मेलेलं खाणं एवढंच यांचं खातं. निरोपसमारंभाचे सामोसे आल्याचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्यांना बसल्या जागी येतो, त्या आमच्या सहकाऱ्यांची मला हटकून आठवण झाली.

शंखात राहणारे छोटे खेकडे दिसायला गोजिरवाणे, निळ्या पायांचे. पण अंग वाढलं की यांना मोठा शंख लागतो आणि रिकामा मिळाला नाही तर ते राहत्या गोगलगाईला ठार करून तिचं घर घेतात. क्वार्टर्सच्या वाटपाच्या वेळी माणसं कशी होतात हे मी जवळून पाहिलं असल्यामुळे खेकडे नको म्हणून सांगितलं.

मग दुकानदाराने सफाई करणारी कोळंबी दाखवली. पाठीवर लाल पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. ही माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाते आणि मासेही अंग पुढे करून निमूट उभे राहतात. किंमत ऐकून मी खुर्चीवर बसलो. घरी फोन लावला.

"एक?" आई म्हणाली. "एवढ्या पैशात एक? आणि ती खायचीसुद्धा नाही?"

कोळंबी तिथेच राहिली.

शेवटी दुकानदाराने आवाज खाली आणून, "साहेब, समुद्रकाकडी देऊ का? वाळू गिळून स्वच्छ करते," असं विचारलं. मीही आवाज खाली आणून त्याला सांगितलं की ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली २००१ सालापासून संरक्षित आहे, पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला. (हे चिरंजीवांच्या यादीत लाल शाईने लिहिलेलं होतं. खाली 'शिवाय टाकीत मेली तर विष सोडते आणि मासे मारते' अशी पुस्ती होती.) वाघाच्या पंक्तीला बसलेली काकडी मी डोंबिवली लोकलमधून आणतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी घाईघाईने चार टर्बो आणि पाच नॅसेरियस घेऊन बाहेर पडलो. जास्त घेऊ नका, अशी सक्त ताकीद होती. शेवाळ संपलं की जास्तीचे कामगार उपाशी मरतात.

चारच दिवसांत काच लखलखीत झाली. मी खूश होऊन सुरतकलला फोन केला, तर तिकडून आवाज आला, "बाबा, त्यांनी साफ नाही केलं काही. शेवाळ खाल्लं आणि विष्ठा टाकली. पाणी तुम्हांलाच बदलायचंय. आणि आजीला म्हणावं, चिमूटभरच घाल." म्हणजे कचरा या टेबलावरून त्या टेबलावर गेला होता. ही पद्धत मला नवीन नव्हती.

तो फोन वीस मिनिटं चालला. एरवी आमचं संभाषण "जेवलास का?" आणि "हो, आईला देऊ?" एवढ्यावर आटोपत असे. मग मी रोजच गोगलगायींचा अहवाल देऊ लागलो.

महिन्याभराने अहवाल बिघडला. टर्बो हलेनात. दोन काचेवरून सुटून खाली पडल्या. सुलट्या केल्या तरी तशाच. मेलेली गोगलगाय ओळखायची खरी कसोटी वास. ती मी दोनदा घेतली आणि त्या दिवशी जेवलो नाही. मासे मात्र मजेत.

"काही नवीन घातलंत का टाकीत?" चिरंजीव उलटतपासणी घेऊ लागले. "माशांचं औषध वगैरे? त्यात तांबं असतं. मासे थोडंफार सोसतात, पण गोगलगाय, कोळंबी यांना तांबं म्हणजे विष."

"छे! तांबं कुठून येणार आमच्या घरात?" असं मी म्हणत होतो, तेवढ्यात आई देवघरातून आली. हातात रात्रभर पाणी भरून ठेवलेला तांब्याचा तांब्या. तुळशीला घालून उरलेलं पाणी तिने अलगद टाकीत ओतलं, टाकीला हात जोडले आणि मला म्हणाली, "आरोग्याला चांगलं असतं. मी रोज घालते. पोराची आहेत ना ती."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. तिकडेही शांतता होती. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, आजीला सांगू नका."

एवढ्याशा तांब्यानेच त्या मेल्या की आणखी कशाने, हे कोण सांगणार? मी पाव टाकी पाणी बदललं, कोळशाची पिशवी लावली, आणि पाणी यापुढे मीच मोजून घालणार असं जाहीर केलं. आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना तशाच दोन टर्बो आणल्या आणि ती झोपल्यावर, टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत, रात्री अकरा वाजता आत सोडल्या. कॅश कमी भरली तर खिशातून घालून मेळ जमवायचा, हा आमचा धर्मच आहे.

सकाळी आई टाकीपुढे बराच वेळ बसली होती.

"चार आहेत," मी न विचारताच म्हणालो.

"आहेत खऱ्या," ती म्हणाली. "पण एकीच्या शंखाची कड फुटलेली होती. ती यात नाही."

मी पेपरात डोकं घातलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने वर पाहिलं तर टाकीशेजारच्या स्टुलावर स्टीलचा गडू होता. फिल्टरच्या पाण्याने काठोकाठ भरलेला, वर झाकण.